तिसरं वाक्य

उद्धव लोमटे सर बावीस वर्षं दहावीला इंग्रजी शिकवत होते आणि बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पोर त्या विषयात नापास झालं नव्हतं. सावळखेडच्या पंचक्रोशीत लोक ही गोष्ट देवस्थानाच्या प्रचितीसारखी सांगत. आता इंग्रजी येणं वेगळं आणि इंग्रजीत पास होणं वेगळं, हे सरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण इंग्रजी शिकवतो असा दावा त्यांनी स्वतःही कधी केला नाही. ते पेपर शिकवत.

ऐंशी मार्कांचा तो जुना पेपर त्यांना स्वतःच्या घराइतका ओळखीचा होता. पहिला प्रश्न भाषाभ्यासाचा, तिथले निम्मे मार्क डोळे मिटून. उताऱ्याखालच्या प्रश्नात जो शब्द दिसेल तो उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या मागची-पुढची ओळ जशीच्या तशी उतरवायची. कवितेचं रसग्रहण एकच पाठ करायचं. कवीचं आणि कवितेचं नाव तेवढं बदलायचं. निसर्ग सुंदर आहे आणि भाषा सोपी आहे हे कुठल्याही कवितेला चालतं. पत्राचा सांगाडा, बातमीचा सांगाडा, भाषणाचा सांगाडा. अर्थ विचारणाऱ्या पोराला ते हसून सांगत, "अर्थ बारावीनंतर बघू." यात त्यांना लाज वाटत नव्हती. ज्या घरात इंग्रजीचं एक वाक्य कुणी बोललेलं नाही, त्या घरातल्या पोराला पस्तीस मार्कांच्या दारातून आत ढकलणं ही आपल्या परीनं सेवाच आहे असं ते मानत, आणि अगदीच चुकीचं मानत होते असंही म्हणता येणार नाही.

हा सगळा संसार एका परिपत्रकानं मोडला. राज्यात नव्यानं स्थापन झालेल्या आकलन परिषदेनं कळवलं होतं की येत्या मार्चपासून दहावीची इंग्रजीची परीक्षा नव्या पद्धतीनं होईल. नेमलेलं पुस्तक नाही. लेखी उत्तरं नाहीत. अभ्यासक्रम म्हणजे तीन हजार शब्दांची एक यादी, आणि परीक्षा म्हणजे न पाहिलेले चार उतारे. ते मुलांनी डोक्याला पट्टी बांधून वाचायचे.

त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. आपण वाचतो तेव्हा मेंदू नुसते शब्द गोळा करत बसत नाही, पुढचा शब्द कोणता येणार याचा तो सतत अंदाज बांधत असतो. 'आईनं तव्यावर भाकरी' एवढं वाचलं की 'भाजली' हा शब्द त्यानं आधीच तयार ठेवलेला असतो. तिथं 'आईनं तव्यावर भाकरी नेमली' असं आलं, तर तो शब्द दिसल्यापासून साधारण चारशे मिलिसेकंदांत, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत, डोक्याच्या मधल्या भागात एक बारीकशी विद्युतलहर उठते. आपण दचकलो हे माणसाला कळायच्या आधीच मेंदू दचकलेला असतो. मेंदूतज्ज्ञांना ही लहर कित्येक दशकं माहीत होती. फरक एवढाच पडला होता की पूर्वी ती पकडायला डोक्यावर तारांचं जाळं लागायचं, आता दोन बोटं रुंदीची पट्टी पुरत होती.

मग परीक्षा घेणं सोपं झालं. पडद्यावर उतारा एकेक शब्द करून सरकवायचा आणि मधून मधून न बसणारे शब्द पेरायचे. ज्याला उतारा कळतो त्याचा मेंदू त्या शब्दाला दचकणार. ज्याला कळत नाही त्याला सगळेच शब्द सारखे. चार उताऱ्यांत मिळून साठ शब्द पेरलेले, आणि शंभरपैकी मार्क पट्टीच देणार. कॉपी नाही, तपासनीस नाही, पाठांतर नाही. परिपत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं की यापुढे फक्त खऱ्या आकलनाला किंमत राहील. सरांनी ते तीनदा वाचलं आणि कारकुनाला विचारलं, "आणि नमुना उत्तरं कुठायत?"

नमुना उत्तरं नव्हती.

सरांच्या घरात मात्र एक जण या बातमीनं खूश झालं होतं. ईश्वरी त्यांची सख्खी भाची. बहिणीच्या वस्तीवर सातवीपुढे शाळा नव्हती म्हणून आठवीपासून ती मामाकडे राहायला आली. घरी मामा आणि शाळेत सर, यात तिची कधी गल्लत होत नसे. शाळेच्या कपाटात कुणा देणगीदारानं दिलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तकं वर्षानुवर्षं कुलपात पडून होती. तिनं आठवीत किल्ली मागून घेतली आणि नववी संपेपर्यंत कपाट वाचून रिकामं केलं. कुणी शिकवलं नव्हतं. अडलेला शब्द ती दहा ठिकाणी पाहून स्वतःच लावायची.

संध्याकाळी कौशल्यामामी भाकरी थापायला बसली की ईश्वरी उंबऱ्यात बसून पुस्तकाचं एक पान इंग्रजीत वाची आणि मग मराठीत सांगे. मामी चौथी शिकलेली. पण तिला गोष्टीपेक्षा ते आधीचं न कळणारं वाचन जास्त आवडायचं. "तू वाचायलीस ना, तवा तुझं तोंड कसं होतंय ते बघत बसते मी," असं ती म्हणे. सर शेजारच्या खोलीत ऐकत. एखादा शब्द त्यांनाही अडे, पण भाचीला विचारण्याचा धीर त्यांना कधी झाला नाही.

ईश्वरीला नांदेडच्या निवासी महाविद्यालयात अकरावीला जायचं होतं. तिथं इंग्रजीत पंचाहत्तर लागत. ते मिळाले नाहीत तर तिला वस्तीवर परत जावं लागणार होतं. आईनं तसं तिच्या वडिलांना कबूल करून ठेवलं होतं, आणि वस्तीवर परत गेलेल्या मुलींची दोन वर्षांत लग्नं होत. "माझी काळजी नका करू मामा," ईश्वरी म्हणाली. "आता पाठच करायचं नाही. नुसतं वाचायचं."

डिसेंबरात सराव परीक्षा झाली. त्रेचाळीस मुलं डोक्याला काळ्या पट्ट्या बांधून पडद्यांसमोर बसली. एकेक शब्द येई आणि जाई. वाक्य कुठवर आलं हे कळावं म्हणून खाली ठिपक्यांची रांग असे आणि शब्दागणिक एक ठिपका विझे. मुलं तासभर मुकाट्यानं ठिपके विझताना पाहत राहिली. निकाल लगेच आला. बेचाळीस मुलं सहा ते पंधराच्या मध्ये होती. ते सरांना अपेक्षितच होतं. बावीस वर्षं झाकून ठेवलेलं कुणीतरी भर वर्गात उघडं करून दाखवलं होतं.

ईश्वरीला एकेचाळीस मिळाले होते.

सरांनी यंत्र बिघडलंय असं कळवलं. आठवड्यानं परिषदेच्या तंत्र अधिकारी देऊळकर मॅडम आल्या. तिशीच्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी पट्टी तपासली, ती ठीक होती. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत ईश्वरीला समोर बसवून त्यांनी तिचा आलेख उघडला.

"हे वाक्य बघ. मराठीत म्हणजे, शेतकऱ्यानं पहाटे विहिरीतून बादलीभर चंद्र काढला. चंद्र हा पेरलेला शब्द आहे. इथं तुझी लहर जवळजवळ सपाट आहे. शब्द कळला नव्हता का?"

"कळला की."

"मग चुकीचा वाटला नाही?"

"पाण्यात चंद्र असतोच की पहाटं. बादलीत येतो तो."

मॅडमनी पुढचं वाक्य काढलं. दुकानदारानं त्या बाईला अर्धा किलो शांतता बांधून दिली.

"वरच लिहिलंय," ईश्वरी म्हणाली, "तिच्या घरात सहा लेकरं होती. तिला तेच पाहिजे असंल."

मॅडम हसल्या. मनापासून हसल्या, हे सरांनी पाहिलं. मग त्यांनी आलेख बंद केला. "सर, हिला सगळं कळतं. अडचण अशी आहे की शब्द बसत नसला तरी ही तो बसवते. एका क्षणात बसवते. त्यामुळे ती दचकतच नाही. आणि पट्टी फक्त दचकणं मोजते."

"मग कळतंच आहे ना तिला?" सर म्हणाले. "आकलन आकलन म्हणतात ते हेच की."

"हो सर. पण ते मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही. अशी मुलं हजारात दोन-तीन सापडतात. तेवढ्यांसाठी नियम बदलता येत नाही." जाताना त्यांनी ईश्वरीच्या पाठीवर हात ठेवला. "इतकी कल्पना लढवू नकोस परीक्षेत. साधं वाच."

त्या दिवशी संध्याकाळी ईश्वरीनं मामीला काही वाचून दाखवलं नाही. साधं कसं वाचायचं, असं तिनं मामीला विचारलं, आणि मामीनं तिला तव्यावरची पहिली भाकरी वाढली.

सर मात्र कामाला लागले. नाराज होऊन बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. इंग्रजी त्यांना बेताचंच येत असलं तरी पेपर काढणाऱ्याचं मन त्यांना वाचता येत होतं. कुठलाही पेपर माणूस काढतो, आणि माणूस आपल्या सोयीनं काढतो, एवढ्या एका श्रद्धेवर त्यांची बावीस वर्षं गेली होती. परिषदेनं सरावासाठी बारा नमुना संच दिले होते, पेरलेल्या शब्दांच्या याद्यांसकट. सरांनी ते छापून घेतले आणि लाल पेन घेऊन शाळा सुटल्यावर वर्गात एकटे बसू लागले. शब्दांच्या अर्थाकडे त्यांनी पाहिलंच नाही. शब्द कितव्या वाक्यात आहे आणि वाक्यात कितवा आहे, एवढंच ते लिहून काढत गेले.

अकराव्या दिवशी त्यांना ते दिसलं. पेरलेला शब्द प्रत्येक तिसऱ्या वाक्यात येत होता, आणि बहुतेक वेळा शेवटून दुसरा. साठातले अठ्ठावन्न-एकोणसाठ तरी असे. कारण शोधायला त्यांना मेंदूविज्ञानाचं एक जाडजूड मराठी टिपण वाचावं लागलं. वाक्य संपताना मेंदूत आणखी एक लहर उठते, सगळं वाक्य गुंडाळून ठेवण्याची. म्हणून शेवटचा शब्द टाळला होता. एक लहर पुरती शमून मेंदू शांत व्हायला वेळ लागतो. म्हणून मध्ये दोन वाक्यं मोकळी सोडली होती. यंत्राला नीट दिसावं म्हणून यंत्रवाल्यांनी जागा ठरवून घेतली होती. सरांनी पेन खाली ठेवलं. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्यांनी पुढे बायकोजवळ कबूलही केलं.

जागा कळली म्हणजे उत्तर कळलं, फक्त उत्तर या वेळी लिहायचं नव्हतं. तिसऱ्या वाक्यात एकच ठिपका उरला की मेंदूनं दचकायला हवं होतं. शब्द कुठलाही असो, कळो न कळो.

जानेवारीपासून रोज शाळेआधी दीड तास वर्ग भरू लागला. शाळेच्या पोषण आहाराचं एक मोठं स्टीलचं ताट आणि लोखंडी डाव सरांनी स्वयंपाकघरातून आणला. पडद्यावर वाक्यं सरकू लागत. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, तिसरं, आणि ठिपका एक उरला की सर मुलांच्या पाठीमागून ताटावर डाव हाणत. पोरं जागच्या जागी उडत. सुरुवातीला हशा व्हायचा. आठवड्यानं हसणं थांबलं. दुसऱ्या आठवड्यात सर मधूनच डाव उगारून हाणायचे नाहीत, तरी बाकांवरची निम्मी पोरं दचकायची. तेव्हा त्यांनी दुसरा धडा सुरू केला.

"अंग हलवायचं नाही. अंग हललं की पट्टीत खरखर येते अन् ते वाक्य बाद होतं. आत दचकायचं. तोंडावर काही दिसता कामा नये."

पोरं शिकली. पाठांतराची सवय असलेली पोरं ती. त्यांना हेही एक पाठांतरच होतं, फक्त जरा खोल गेलेलं. तीन आठवड्यांनी सरांनी पट्ट्या बांधून पाहिल्या. सहावर असलेला सोपान कांदे अडुसष्टवर गेला होता. पडद्यावरचं एक अक्षर त्याला लागत नव्हतं. "सर, मला आता बसची पाटी वाचताना बी आत ठण् होतंय," असं त्यानं सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले.

ईश्वरी या वर्गाला येत नव्हती. पहिल्या दिवशी येऊन तिनं पाहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी घरीच बसली. सरांनी चार दिवस वाट पाहिली. मग एका संध्याकाळी, मामी पीठ मळत असताना, ते उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले.

"उद्यापासून सकाळी यायचं."

"मला नाही जमायचं ते, मामा."

"न जमायला काय झालं? कांद्याच्या पोराला जमायलंय."

"त्याला काही वाचायचंच नसतं. मी वाचायले की मला चित्र दिसतंय. मधीच ते ताट वाजलं की फुटतंय सगळं. मला भीती वाटायली. परत नाही दिसलं तर?"

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे. परीक्षा झाली की विसरून जाशील."

"नाही विसरलं तर?"

"अहो, राहू द्या ना," मामी परातीवरून मान वर न करता म्हणाली. "नको म्हणायली पोरगी."

सर चिडले. चिडण्यात त्यांची स्वतःची भीतीही होती, पण ती त्या वेळी त्यांना वेगळी करता आली नाही. "राहू देतो की. मग जूनमध्ये मी हिला वस्तीवर नेऊन सोडतो आणि माझ्या बहिणीला सांगतो, तुझ्या पोरीला गावात सगळ्यांत जास्त इंग्रजी येतं, पण एकेचाळीस मार्क पडले. तिला पटलं तर पटलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ईश्वरी, मी कधी तुझं वाईट केलंय का?"

हे शेवटचं विचारायला नको होतं. पोरीनं मामाकडे पाहिलं. तीन वर्षं याच घरात तिला दोन घास आणि एक कपाटभर पुस्तकं मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या बाकावर येऊन बसली.

बाकीच्यांना तीन आठवडे लागले, तिला सहा लागले. तिचा मेंदू हटवादी होता; ताट वाजलं की दचके, पण लगेच त्या आवाजालाही गोष्टीत कुठंतरी जागा करून देई. सरांना तिच्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागली. वर्ग सुटल्यावर ते तिला आणखी अर्धा तास थांबवत आणि अगदी कानाशी उभे राहून ताट वाजवत. तिनं तक्रार केली नाही. फेब्रुवारीच्या शेवटी एके दिवशी तिचा आलेख नव्वदीच्या वर गेला आणि सगळ्या लहरी एकाच उंचीच्या, सारख्या अंतरावर, ओळीनं उभ्या दिसल्या. सरांनी तिला पेढा दिला. तिनं तो निम्मा मामीला दिला.

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि जूनमध्ये निकाल लागला. राज्यभर इंग्रजीचा निकाल कोसळला होता. मोठ्या शहरांतल्या नामांकित शाळांतही चाळीस-पन्नास टक्के मुलं पडली होती. सावळखेडची त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पास. सर्वांत कमी एकाहत्तर. ईश्वरीला अठ्ठ्याण्णव. गावानं सरांना शाल दिली, नारळ दिला, आणि ग्रामीण भागातही खरं आकलन कसं रुजतं यावर पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केलं. सरांना दोन-तीनदा बोलायला सांगितलं, पण ते हात जोडून बसून राहिले. लोकांना तो विनय वाटला.

त्याच आठवड्यात मामीनं त्यांना मागच्या अंगणात बोलावलं.

"अहो, ती वाचत नाही."

"सुट्टी आहे. दमली असंल."

"परीक्षा झाल्यापासून एक पान वाचलं नाही. मी म्हटलं, वाच की गं, तर म्हणते डोकं दुखतंय. काल म्हटलं, मराठी तरी वाच. वाचल्या चार ओळी अन् ठेवून दिलं." मामीनं पदरानं हात पुसले. "तुम्ही बघा एकदा तिचं तोंड."

सरांनी पाहिलं. कपाटातलं एक जुनं पुस्तक आणून त्यांनी ईश्वरीच्या हातात दिलं आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "वाच बरं जरा. मलाच ऐकायचंय."

तिनं पान उघडलं. पहिलं वाक्य स्वच्छ वाचलं, दुसरंही. तिसरं वाक्य संपत आलं तेव्हा तिचा आवाज तसाच राहिला, मान हलली नाही, खांदा हलला नाही. फक्त डोळे एका क्षणासाठी रिकामे झाले, जसे कुणी मागून हाक मारल्यावर होतात, आणि मग पुन्हा भरले. पुढं दोन वाक्यं ठीक. मग पुन्हा तेच. तिच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नव्हतं. तेच तर त्यांनी शिकवलं होतं, अंग न हलवता आत दचकायचं. ते ज्याला माहीत होतं त्यालाच ते दिसलं असतं.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. वाचता येतं मला." तिनं पुस्तक मिटलं. "फक्त दर थोड्या वेळानं वाटतं की इथं कायतरी चुकलंय. म्हणून मागं जाऊन बघते. चुकलेलं काहीच नसतं. मग पुढं जाते, तर परत तसंच."

"आणि चित्र?"

"तेवढ्यात जमत नाही ते."

ती रागानं बोलत नव्हती. राग असता तर सरांना सोपं गेलं असतं. "जाईल हळूहळू," ते म्हणाले. "हो," ती म्हणाली. त्यांनी दोन दिवस ते जाडजूड टिपण पुन्हा चाळलं. लावलेली सवय उतरवायची कशी, यावर त्यात एक परिच्छेद होता. तोच उतारा, तेच ठिपके आणि शेजारी शांतता, असं शेकडो वेळा घडावं लागतं आणि तरीही ती पूर्ण पुसली जाते असं नाही, कुठंतरी दबून राहते, असं त्यात लिहिलं होतं. बाकीच्या बेचाळीस जणांची चौकशीही त्यांनी केली. त्यांना काही त्रास नव्हता. ती पूर्वीही वाचत नव्हती आणि आताही वाचत नव्हती. सरांनी त्या दिवशी जेवण अर्धवट टाकलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात देऊळकर मॅडम स्वतः आल्या, घरीच. या वेळी त्यांच्या बोलण्यात उत्साह मावत नव्हता. ईश्वरीचा आलेख राज्यातला सर्वांत स्वच्छ आलेख ठरला होता. इतक्या ठळक, इतक्या नेमक्या लहरी परिषदेनं आजवर पाहिल्या नव्हत्या. तिच्या आलेखाला 'आदर्श आलेख' म्हणून मान्यता मिळणार होती. पुढच्या वर्षीपासून राज्यातल्या सगळ्या पट्ट्या त्याच्याशी जुळवल्या जातील आणि प्रत्येक मुलाचं आकलन त्याच्याशी ताडून पाहिलं जाईल.

"डिसेंबरात एकेचाळीस आणि मार्चमध्ये अठ्ठ्याण्णव," मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना, साधं वाच म्हणून?"

"हो मॅडम," ईश्वरी म्हणाली.

मॅडमनी पिशवीतून कागद काढले. चार पानांचं संमतिपत्र होतं, इंग्रजीत. विद्यार्थिनीची सही आणि पालक म्हणून सरांची. प्रवेशाचं पक्कं पत्रही सोबतच होतं. संमतिपत्र गेलं की नांदेडचा प्रवेश परिषदेच्या कोट्यातून, वसतिगृहासकट. "निवांत वाचा तुम्ही," असं म्हणून त्या मामीच्या हातचा चहा प्यायला आत गेल्या.

सर ओटीवर बसून वाचू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इंग्रजीचं एक पान जागा आणि सांगाडे न बघता, अर्थासाठी वाचलं. अवघड होतं, पण लागत गेलं. तिसऱ्या पानावर पालकानं लिहून द्यायचं होतं की या मुलीला परीक्षेपूर्वी कोणतंही विशेष प्रशिक्षण दिलेलं नाही आणि हा आलेख तिच्या नैसर्गिक आकलनाचा आहे. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. खरं सांगितलं तर पुढच्या वर्षी या आलेखाशी जुळवण्यासाठी लाखभर पोरांच्या डोक्यात ताट वाजणार नाही. खरं सांगितलं तर त्रेचाळीस निकाल रद्द होतील, आणि पहिला हिचा. ती वस्तीवर जाईल, आणि तिनं जे दिलं ते फुकट दिलं असं होईल. आत चहाचे कप वाजले. अखेर त्यांनी खिशातलं पेन काढलं.

आपली सही करून त्यांनी कागद ईश्वरीपुढे सरकवले.

"चार पानं आहेत," ते म्हणाले. "तुझ्याबद्दल आहे सगळं. एकदा वाचून घे, बाळा."

ईश्वरीनं वरचं पान उचललं. डोळे पहिल्या ओळीवर गेले, दुसरीवर गेले. मग तिनं पान खाली ठेवलं आणि त्यांच्या हातातलं पेन घेतलं.

"तुम्ही वाचलंय ना, मामा," ती म्हणाली. "कुठं सही करायची तेवढं सांगा."